'लागणं' : लागतील तेवढे अर्थ

वाघूरकाठ

मराठीतलं सगळ्यात जास्त राबणारं क्रियापद कोणतं असा विषय निघाला की लोक 'करणं' नाहीतर 'होणं' म्हणतात. माझं मत 'लागणं'ला. 'करणं' कुठंही गेलं तरी करणंच राहतं. 'लागणं' मात्र शेजारचा शब्द बदलला की पार बदलून जातं. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, चष्मा लागतो, निकाल लागतो. एका झाडाखाली उभं राहून बघा: आंब्याला कैऱ्या लागल्या, कैरी पाडायला काठी लागली, पडलेली कैरी खालच्याच्या डोक्याला लागली, खाल्ली तर आंबट लागली, आणि तेवढ्यात राखणदार मागे लागला. बोलणारा एकदाही अडखळत नाही, ऐकणाराही नाही.

मूळ साधं आहे. संस्कृतात 'लग्' म्हणजे चिकटणे, स्पर्श होणे. 'लग्न' म्हणजे चिकटलेलं, जोडलेलं. ज्योतिषात पूर्व क्षितिजाला जी रास टेकलेली असते ते लग्न. ती घटका धरून विवाह व्हायचा, म्हणून विवाहालाच लग्न म्हणू लागले. प्राकृतात त्याचं 'लग्ग' झालं आणि आपल्याकडे 'लाग'. म्हणजे 'लग्न लागलं' या दोन शब्दांत एकच धातू दोनदा येऊन बसलाय, एकदा सोवळ्यात आणि एकदा घरच्या कपड्यांत.

माझं म्हणणं असं की हे सगळे अर्थ त्या स्पर्शातूनच फुटलेत. भूक, झोप, वेड, नाद, दृष्ट, उचकी ही सगळी बाहेरून येऊन माणसाला चिकटतात. कर्ता भूक असते, माणूस नुसता 'मला'. पोराने शंभर अर्ज केलेले असोत, 'त्याने नोकरी मिळवली' असं घरात कुणी म्हणत नाही. पोराला नोकरी लागली.

कोशातलं उतरवून देऊ नका. मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीत ही नोंद चांगली ऐसपैस आहे, ती ज्याची त्याने वाचावी. मला हवेत आपल्या खानदेशातले वापर: शेतातले, स्टँडवरचे, चुलीपुढचे. अहिराणी, लेवा बोली, जे असेल ते टाका.

केळीचं_खोड

रावेर तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडे 'लागण' म्हणजे लावणी. जून-जुलैत लावली तर मृगबाग, सप्टेंबर-ऑक्टोबरात लावली तर कांदेबाग. 'यंदा लागण किती?' म्हटलं की माणूस खोडांचा आकडा सांगतो, एकर सांगत नाही.

२०२० च्या जूनमध्ये मुंबईहून चुलतभावाचा फोन आला. काळजीने विचारतोय, 'अण्णा, तुमच्याकडं लागण किती?' अण्णा म्हणाले, 'आठ हजार. अजून दोन हजार करायचा विचार आहे.' पलीकडं बराच वेळ आवाजच नाही.

गंमत सोडा, पण केळीवाल्याला हे दोन्ही अर्थ एकाच वाक्यात वापरावे लागतात. रोपांची लागण झाली, मग त्या रोपांना सीएमव्हीची (कुकुंबर मोझॅक विषाणूची) लागण झाली. हा विषाणू माव्यामार्फत पसरतो, म्हणून बागेजवळ काकडी-भोपळ्याच्या वर्गातलं पीक घेऊ नका म्हणतात, आणि रोगट रोप दिसलं की उपटून नष्ट करा म्हणतात. मावा 'लागतो', रोग 'लागतो', आणि शेवटी घड कापल्यावर विचारतात, 'काय भाव लागला?'

वाघूरदादा, तुमच्या म्हणण्याला हा सगळ्यात चांगला पुरावा आहे बघा. 'मी भाव घेतला' असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. रावेर-बऱ्हाणपूरला भाव निघतो आणि तो आम्हाला लागतो. ठेच लागते तसाच.

भुसावळ_जंक्शन

आमच्याकडे दिवसाची सुरुवातच 'गाडी कुठं लागली?' ने होते. पाच नंबरला लागली की तीनला. 'गाडी आली' वेगळं, 'गाडी लागली' वेगळं. आलेली गाडी आऊटरला उभी असू शकते. लागलेली गाडी फलाटाला टेकलेली असते. आणि मे महिन्यात त्या फलाटावर अर्धा तास उभं राहिलं की ऊन लागतं. इथं पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो, त्यामुळे आमच्याकडे 'त्याला ऊन लागलं' हे निदान म्हणून सांगतात. त्यावर कैरीचं पन्हं.

शहादेकरीण

जंक्शनभाऊ, गाडी 'लागण्याचा' दुसरा अर्थ तुमच्या रेल्वेवाल्यांना माहीत नाही, कारण तुमच्याकडे घाट नाही! मला गाडी लागते. लिंबू, ओवा, पुढची खिडकी, सगळं करून झालं. तोरणमाळला जाताना आधी घाट लागतो आणि मग मला घाट लागतो. ही दोन वाक्यं दिसायला सारखीच, पण पहिल्यात ड्रायव्हर गिअर बदलतो आणि दुसऱ्यात मी पिशवी शोधते.

नंदुरबार स्टँडवर मी एकदा खिडकीपाशी विचारलं, 'शहादा लागली का?' मागून एक आजोबा हळूच म्हणाले, 'बेटा, आधी बस तर.' त्यांना वाटलं मला बसायच्या आधीच मळमळायला लागलं.

मूळगाव_पारोळा

आता राहते पुण्यात, शिकवते मराठी. व्याकरणातली एक गोष्ट इथं आली नाही अजून, ती टाकते.

'मी रडू लागले' आणि 'मला रडावं लागलं'. पहिल्यात सुरुवात आहे, दुसऱ्यात सक्ती. क्रियापद तेच. फरक कशाने पडतो? मुख्यतः 'मी' आणि 'मला' ने. 'मी जायला लागले' म्हणजे निघाले. 'मला जायला लागलं' म्हणजे नाइलाज झाला. (शुद्धवाद्यांना इथं 'जावं लागलं' हवं असतं. माझ्या वर्गातली अर्धी मुलं 'जायला लागलं'च म्हणतात आणि कुणाचा गैरसमज होत नाही.)

म्हणजे 'मला' आलं की काहीतरी माझ्यावर येऊन पडलंय, हे वाघूरकाठ यांचं म्हणणं इथं खरं ठरतं. पण 'मी' कर्ता असलेली वाक्यंही कमी नाहीत. मी कामाला लागले, मी अभ्यासाला लागले, मी वाटेला लागले, मी त्याच्या नादी लागले. इथं कुणी मला येऊन चिकटलेलं नाही.

वाघूरकाठ

ताई, इथं तुम्हीच जाऊन चिकटलात. कामाला, अभ्यासाला, वाटेला. स्पर्श तोच, फक्त हलणारा बदलला. भूक माणसाकडं येते, माणूस कामाकडं जातो.

'वाटेला लागणं' वरून आठवलं. पाहुण्यांना वाटेला लावलं म्हणजे जरा वेशीपर्यंत पोचवून आलो, आदराची गोष्ट. पाहुण्यांची वाट लावली म्हणजे पोलीस केस. एका 'ला'चा फरक.

हिशेबनीस

मी बँकेत होतो, त्यामुळे गोड वाटणारी बेरीज दिसली की मला आधी शंका येते. तुम्ही उत्तर आधी ठरवलंय आणि आता पुरावे गोळा करताय. 'चहाला साखर लागते' यात स्पर्श दाखवता येईल, साखर चहात पडते. पण 'यायला दोन तास लागतील' यात काय कशाला शिवतंय? 'मला शांतता लागते' यात? 'फोन लागत नाही' यात एक वेळ तार तरी होती, आता तीही नाही. 'हिशेब लागला' म्हणजे जमा-खर्च जुळले. जुळणं आणि चिकटणं एक नाही. दोन आकडे सारखे आले म्हणून ते एकमेकांना चिकटले असं मी कधी रोजकीर्दीत लिहिलं नाही.

शब्द वापरणाऱ्याला त्याचं मूळ माहीत नसतं, आणि त्याचं काही अडतही नाही. 'लागणं' हा आता एक शब्द नसून दहा-बारा शब्द आहेत, उच्चार फक्त एक आहे. मला तरी असंच वाटतं.

पांझराकाठ

हिशेबनीस अण्णा, विटांपासून सुरू करा. 'घराले कितल्या इटा लागन्यात?' घर बांधून झाल्यावर विचारलं तर त्या विटा खरोखरच भिंतीला लागलेल्या असतात, हात लावून मोजता येतील. आता हाच प्रश्न बांधायच्या आधी विचारा: 'कितल्या इटा लागतीन?' झाला 'गरजे'चा अर्थ तयार. भूतकाळात चिकटलेलं, भविष्यकाळात पाहिजे असलेलं. मधे कुठंच उडी नाही. विटांचं झालं की सिमेंटचं, मग पैशाचं, मग मजुरांचं, मग दिवसांचं.

हिशेबनीस

विटांचं पटलं. वेळेचं नाही. पण युक्तिवाद चांगला आहे, खात्यावर जमा करतो.

पांझराकाठ

आता अहिराणीचं मांडतो, कारण वाघूरदादांनी मागितलंय आणि इथं अजून कुणी नीट लिहिलं नाही.

माले भूक लागनी. माले तीस लागनी (तहान). पाय लागना, ठेच लागनी, लग्न लागनं. वर्तमानात 'लागस' : तो मन्हा मामा लागस, भाजी तिखट लागस. पुढच्या काळात 'लागी' : कितला येळ लागी? हे ना-नी-नं ऐकून बाहेरचे लोक 'ही गुजराती का?' विचारतात. षष्ठीचं ना-नी-नं खरंच गुजरातीच्या जवळ जातं (मामानं घर, मामानी गाय). ग्रियर्सनने तर आपल्याला मराठीत बसवलंच नाही. त्याच्या भाषा-सर्वेक्षणात मराठीचा खंड १९०५ चा, आणि खानदेशी आली ती १९०७ च्या खंडात, भिल्ल बोलींच्या सोबत. यावर इथं आधीच दोन धागे पेटून विझलेत, तेव्हा इथं नको.

मला सांगायचंय ते 'पानी लागनं' बद्दल. धुळे-साक्रीकडे याचे निदान चार अर्थ मी रोज ऐकतो.

विहीर खणताना झरा फुटला की 'पानी लागनं'. ही बातमी गावभर जाते, पेढे वाटतात. बोअर असेल तर किती फुटांवर लागलं ते सांगतात, आणि तो आकडा सांगताना प्रत्येक जण जरा कमीच सांगतो असा माझा अनुभव आहे, कारण शेजाऱ्याला वाटायला नको की याचं पाणी खोल गेलं.

दुसरं पाटाचं. पांझरेवर जुनी फड पद्धत आहे, काही शतकांची. नदीत बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटावर फड, आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं, मालकाने स्वतः पाट फोडायचा नाही. तिथं 'वावरले पानी लागनं का?' म्हणजे पाणी पोचलं का, शेवटच्या सरीपर्यंत भिडलं का. इथं स्पर्श अगदी शब्दशः आहे. पाणी निघालेलं असतं, पाटात दिसतही असतं, पण जमिनीला लागलेलं नसतं.

तिसरं त्याच्या उलट. पाऊस थांबेना, शेतात तळं साचलं, कपाशी पिवळी पडली: कपाशीले पानी लागनं. तेच वाक्य, पण पहिल्यात पेढे आणि यात पंचनामा.

चौथं माणसाचं. पोरगा वर्षभर बाहेर राहून आला, केस वाढवले, आईशी शुद्ध बोलायला लागला. म्हातारी म्हणते, 'त्याले मुंबईनं पानी लागनं.'

शहादेकरीण

माझ्या सासरी चौथ्या अर्थाने 'शहाद्यानं पानी' म्हणतात. शहाद्याला एवढं मोठं शहर समजणारी माणसं आहेत हे ऐकून बरं वाटलं.

कळण्याची_भाकरी

चुलीपुढचं कुणी लिहीना म्हणून मीच येते.

दूध खाली लागलं, खिचडी तळाला लागली: ही सुरुवात झाली. लागलं म्हणजे करपलं नाही हां, करपण्याच्या आधीची पायरी. लागलेलं भांडं बदलून वाचवता येतं, करपलेलं नाही. नवीन सुनेला हा फरक नाकाने शिकावा लागतो.

मग धूर लागणं. दुधाला धूर लागला तर ते टाकायच्या लायकीचं. पण वांग्याला धूर लागला नाही तर ते भरीतच नाही. आमच्याकडं भरताची वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजतात, बडगीत ठेचतात, त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत करून कुणी 'खानदेशी' म्हणून वाढलं तर पहिल्या घासाला कळतं. याला धूर लागलेला नाही. एकाच धुराचा एका भांड्यात दोष आणि दुसऱ्यात गुण.

मीठ लागणं हेही तसंच. मीठ घातलं आणि मीठ लागलं यात फरक आहे. वरून भुरभुरवलं तर घातलं. आतपर्यंत मुरलं तर लागलं.

आणि 'गोड लागणं'. शेवभाजीचा रस्सा एवढा झणझणीत की कानातून वाफा निघाव्यात, आणि जेवणारा डोळे पुसत म्हणतो, 'मावशी, भाजी गोड लागली.' साखरेचा कण नाही त्यात. चांगली झाली म्हणायचं असेल तर गोडच लागते. उलट, जेवणारा मनातून खट्टू असला तर पुरणपोळीही गोड लागत नाही. म्हणजे हे चव सांगणं भाजीबद्दल कमी आणि खाणाऱ्याबद्दल जास्त असतं.

खाल्लेलं अंगी लागणं हा पुढचा प्रकार. तो मला फारच चांगला जमतो, त्यावर जास्त बोलत नाही.

केळीचं_खोड

मावशी, पऱ्हाट्या संपल्या की तुराट्याही चालतात. धूर लागण्याशी मतलब.

कळण्याची_भाकरी

चालतात. पण चव बदलते. वाद घालू नका, जेवायला या.

भुसावळ_जंक्शन

डोळा लागला = झोपलो. डोळे लागले = वाट बघतोय, झोप नाही. एकवचनात झोप आणि अनेकवचनात जागरण. असं दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल तर दाखवा.

मूळगाव_पारोळा

वा! हे माझ्या वर्गात जाणार. 'हात'चंही बघा. 'हात लागला' म्हणजे स्पर्श झाला, बहुधा नको तिथं, आणि फुलदाणी पडली. 'चार हात लागले' म्हणजे मदतीला माणसं आली आणि काम उरकलं.

तात्या_सर्कलवाले

मी महसुलात होतो, निवृत्त. आमच्या खात्यात 'लागणं' हा शब्द कायद्याइतकाच जुना आणि कायद्यापेक्षा जास्त वापरातला.

सातबाऱ्याला नाव लागतं. लोक 'नोंद झाली' म्हणत नाहीत. 'नाव लागलं का तात्या?' गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून तो सातबारा. त्यावर नाव येण्याआधी गाव नमुना सहामध्ये फेरफार धरावा लागतो, नोटिसा काढाव्या लागतात, हरकत आली तर सुनावणी. म्हणजे एक नाव 'लागायला' किती गोष्टी 'लागतात' ते बघा. बाप वारला की वारस लागतात. पूर्वी या वारसांत पोरं पुढं आणि पोरी मागं, असं बऱ्याच घरात चालायचं. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. मग बहिणींची नावं लागू लागली. आणि बहिणींची नावं सातबाऱ्याला लागली की भावांच्या मनाला लागतं. किती तरी बहिणी राखी बांधायला येतात आणि जाताना हक्कसोडावर सही करून जातात. मी समोर बसून पाहिलंय. 'तुमची मर्जी आहे ना, ताई?' असं विचारायचो. ताई भावाकडं बघून 'हो' म्हणायच्या. काही मोजक्या जणींनी 'नाही' म्हटलं, त्यांची माहेरची वाट बंद झाली. कायद्याने नाव लागतं, माहेर लागतंच असं नाही.

बाकी कलम लागणं, आचारसंहिता लागणं, जमावबंदी लागणं, सुतक लागणं, ग्रहण लागणं हे सगळं एका जातीचं. तुम्ही काही केलं नाही तरी लागतं, आणि सुटायची वेळ दुसरं कुणी ठरवतं.

हिशेबनीस

तात्या, 'लागणं'चा विरुद्धार्थी 'सुटणं' धरला तर तुमची यादी चोख बसते. ग्रहण लागतं-सुटतं, सुतक लागतं-सुटतं, सवय लागते-सुटते, गाडीसुद्धा फलाटाला लागते आणि सुटते. पण भूक लागते आणि भागते. झोप लागते आणि मोडते. नोकरी लागते आणि जाते. आग लागते आणि विझते. विरुद्धार्थी शब्द इतके वेगळे असतील तर मूळ शब्द एक कसा? मी माझ्या जागी ठाम आहे.

वाघूरकाठ

हा मुद्दा जड आहे, मान्य. मी एवढंच म्हणेन की चिकटण्याची तऱ्हा एक असली तरी सुटण्याची तऱ्हा चिकटलेल्या वस्तूवर अवलंबून असते.

नवापूरची_वेस

आमचं रेल्वे स्टेशन निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत, त्यामुळे आमचं बोलणंही तसंच. एक निरीक्षण. गुजरातीत 'मने लागे छे' म्हणजे 'मला वाटतं'. हिंदीत 'मुझे लगता है' तेच. म्हणजे शेजारच्या दोन्ही भाषांत विचारसुद्धा माणसाला 'लागतो'. मराठीने एवढा सगळा पसारा 'लागणं'कडे देऊन 'वाटणं' मात्र वेगळं ठेवलं. आमच्या इथली पोरं आता हिंदीच्या नादाने 'मला असं लागतं की' म्हणतात. मला ते कानाला लागतं (इथला अर्थ: खुपतं).

मूळगाव_पारोळा

हा फरक कामाचाही आहे. हिंदीत 'मुझे लगी' म्हणजे दुखापत, 'मुझे लगा' म्हणजे वाटलं. एका मात्रेवर सगळं अवलंबून. मराठीत पोर पडलं की आपण 'लागलं का रे?' एवढंच विचारतो. काय लागलं, कुठं लागलं, काही नाही. आणि मोठ्या माणसाला कुणी टाकून बोललं तर 'फार लागलं त्याला', तिथंही काय लागलं ते सांगत नाही. गुडघ्याला आणि मनाला एकच वाक्य पुरतं.

आणखी एक. संतांच्या ओव्या-अभंगांत 'मजलागी', 'तुजलागी' येतं, म्हणजे मला, तुला, माझ्यासाठी. 'लागी' हे त्याच धातूचं. आपला चतुर्थीचा 'ला' प्रत्यय याच 'लागी'तून आला असावा, असं काही अभ्यासकांनी मांडलंय. ते खरं धरलं तर 'मला भूक लागली' यात 'ला'ही लागणंच आणि 'लागली'ही लागणंच. अहिराणीच्या 'माले'मधला 'ले'ही मग त्याच घरातला म्हणता येईल. सगळ्यांना हे मान्य नाही, पण वाघूरकाठ यांना आवडेल म्हणून टाकलं.

जाता जाता: १९५२ चं साहित्य संमेलन अमळनेरला झालं, तेव्हा अध्यक्ष होते कृ. पां. कुलकर्णी, मराठीचा व्युत्पत्तिकोश करणारे. २०२४ ला पुन्हा संमेलन अमळनेरला आलं तेव्हा मंडपात हे किती जणांना आठवलं कुणास ठाऊक.

वाघूरकाठ

'मला'मध्येही लागणं! ताई, आज माझं जेवण गोड लागणार.

पांझराकाठ

एक राहिलं. 'करू लागणं'चा पारोळ्याच्या ताईंनी 'सुरुवात' अर्थ सांगितला. पण दुसरा अर्थ आहे तो मला या सगळ्यात मोठा वाटतो. 'माले वझं उचलू लाग.' प्रमाण मराठीत 'मला जरा ओझं उचलू लाग'. म्हणजे मदत कर. 'ती आईला भाकरी करू लागते' म्हणजे हाताखाली असते.

'मदत' हा शब्द अरबी-फारसीतून आला. 'साहाय्य' पुस्तकात राहतं. शेतात कुणी 'मला मदत कर' म्हणताना मी फार ऐकलेलं नाही. धरू लाग, ओढू लाग, निवडू लाग, बांधू लाग. यात मदत करणारा वर आणि घेणारा खाली असं काही नाही. काम एक, त्याला दोघं लागलेले. आणि मजा म्हणजे मजुरीवर आलेल्याला 'उचलू लाग' म्हणत नाहीत, त्याला 'उचल' म्हणतात. 'लाग' हे फक्त बरोबरीच्याला.

केळीचं_खोड

खरंय. घड वाहणाऱ्यांना आम्ही 'घे' म्हणतो. भावाला 'घेऊ लाग' म्हणतो. हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

तात्या_सर्कलवाले

आणि भाऊ येत नाही, तो भाग वेगळा.

शहादेकरीण

मला नात्याचं विचारायचंय. 'तो माझा मामेभाऊ लागतो', 'ती माझी चुलतसासू लागते' हे म्हणतो. पण 'तो माझा मुलगा लागतो' असं कुणी म्हणतं का? 'ती माझी आई लागते'?

मूळगाव_पारोळा

नाही म्हणत. जवळचं नातं 'असतं', दूरचं किंवा हिशेब करून काढावं लागणारं नातं 'लागतं'. लग्नाच्या मांडवात दोन म्हाताऱ्या बसून 'हा आपला कोण लागतो' ते काढतात, तिथं खरा या क्रियापदाचा मुक्काम. आणि भांडणात 'तू माझा कोण लागतोस?' म्हटलं की त्याचं उत्तर 'कुणीच नाही' हे ठरलेलं असतं.

भुसावळ_जंक्शन

मग सासू लागते की असते?

कळण्याची_भाकरी

ते सासूवर आहे. माझी सून हा धागा वाचते, तिलाच विचारा.

शहादेकरीण

आत्या, मी तुमची सूनच आहे, लागत नाही. पण आज संध्याकाळी वांगी भाजू लागायला मला जमणार नाही, शाळेत पालकसभा लागलीय.